मूत्रपिंडाच्या गाठीची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

मूत्रपिंडात वाढलेली गाठ, मोठा छेद देऊन कूस न उघडता, काही लहान छिद्रांतून दुर्बीण व लांब दांड्याची हत्यारे आत घालून काढण्याच्या पद्धतीस मूत्रपिंडाच्या गाठीची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया असे म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात हिला लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रिया हे नाव आहे. हत्यारे यंत्राच्या बाहूंना जोडलेली असतील, तर तिला रोबोटिक शस्त्रक्रिया म्हटले जाते. मूत्रपिंडाचा कर्करोग स्त्रियांपेक्षा पुरुषांत सुमारे दुप्पट आढळतो आणि साठ ते सत्तर या वयोगटात त्याचे निदान होण्याचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने उतारवयातील पुरुषांच्या आरोग्याशी निगडित आहे.

'दुर्बिणीने केली' या शब्दप्रयोगामुळे एक गैरसमज वारंवार होतो. दुर्बीण हा केवळ आत शिरण्याचा मार्ग आहे. त्या मार्गाने जाऊन संपूर्ण मूत्रपिंड काढले, की फक्त गाठ काढून उरलेले मूत्रपिंड राखले, ही निराळी बाब होय. पहिल्या प्रकारास संपूर्ण उच्छेदन व दुसऱ्यास आंशिक उच्छेदन म्हणतात. बाहेरून दोन्हींचे व्रण जवळजवळ सारखेच दिसतात; पण उतारवयातील रुग्णाच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने त्या दोहोंत फार अंतर आहे. उपचाराचा निर्णय घेताना व्रणाच्या लांबीपेक्षा या प्रश्नाकडे अधिक लक्ष देणे आवश्यक ठरते.

मूत्रपिंड आणि उतारवय

संस्कृतात वृक्क, बाजारात गुरदा आणि शालेय पुस्तकांत मूत्रपिंड या नावांनी ओळखले जाणारे हे अवयव पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला व उदरावरणाच्या मागे असतात. प्रौढ माणसाचे मूत्रपिंड सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहान अवयवांतून वाहतो. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म यंत्रच. नष्ट झालेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. चाळिशीनंतर त्यांची संख्या हळूहळू घटत जाते. उच्च रक्तदाब व मधुमेह असल्यास ही घट अधिक वेगाने होते.

ही घट रक्ततपासणीत सहसा सरळ दिसत नाही. मूत्रपिंडाचे कार्य जोखण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन मोजतात. क्रिएटिनिन स्नायूंपासून निर्माण होते आणि म्हातारपणी स्नायूच झडलेले असल्याने ते मुळात कमी तयार होते. साहजिकच गाळणशक्ती उतरलेली असूनही आकडा नेहमीच्या मर्यादेत राहतो. उदाहरणार्थ, क्रिएटिनिन १.३ मिलिग्रॅम असलेल्या ३० वर्षांच्या पुरुषाची गाळणशक्ती, २०२१ च्या प्रचलित सूत्रानुसार, मिनिटाला सुमारे ७६ मिलिलिटर भरते. तोच आकडा ७५ वर्षांच्या पुरुषाच्या अहवालात असेल, तर ती सुमारे ५७ भरते. ६० पेक्षा कमी गाळणशक्ती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार समजला जातो. म्हणजे 'क्रिएटिनिन नॉर्मल' असा शेरा मिळालेला वृद्ध त्या विकाराच्या उंबरठ्याच्या आत आलेला असू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी वयाचा हिशेब धरून काढलेली गाळणशक्ती विचारात घेतात ती याच कारणासाठी.

'माणूस एका मूत्रपिंडावरही आयुष्य काढतो' असे सर्रास सांगितले जाते व मूत्रपिंडदात्यांचे उदाहरण दिले जाते. ते खरे असले, तरी येथे गैरलागू आहे. दाता कसून तपासणी करून निवडलेला निरोगी माणूस असतो. गाठीचा रुग्ण बहुधा साठी ओलांडलेला, अनेकदा रक्तदाबाची गोळी घेणारा आणि कित्येकदा तंबाखू ओढलेला असतो. दात्याचे उरलेले मूत्रपिंड आकाराने वाढून बरीचशी भरपाई करते. वृद्धाच्या मूत्रपिंडात ती ताकद कमी झालेली असते.

गाठीचे स्वरूप व कारणे

मूत्रपिंडातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. सोनोग्राफीच्या अहवालात सर्वांत जास्त वेळा आढळणारा शब्द 'सिस्ट' हा आहे. पाण्याने भरलेली, पातळ भिंतीची साधी सिस्ट उतारवयात अतिशय सामान्य असते आणि तिच्यावर काहीही करावे लागत नाही. भिंत जाड असेल, आत पडदे किंवा घन भाग असेल, तरच शंका घेतात. अशा सिस्टची प्रतवारी अमेरिकन क्षकिरणतज्ज्ञ मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ साली मांडली व ती सुधारित स्वरूपात आजही वापरली जाते.

घन गाठींपैकी बहुसंख्य गाठी रीनल सेल कार्सिनोमा या कर्करोगाच्या असतात. त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार क्लिअर सेल हा असून अशा कर्करोगांपैकी सुमारे ७० ते ७५ टक्के या प्रकारात मोडतात. पॅपिलरी व क्रोमोफोब हे त्याखालोखाल येतात. आँकोसायटोमा आणि चरबीयुक्त अँजिओमायोलायपोमा या मात्र निरुपद्रवी गाठी होत. ४ सेंटिमीटरपर्यंतच्या ज्या गाठी कर्करोगाच्या संशयावरून काढल्या जातात, त्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा तपासणीअंती निरुपद्रवी निघतो.

धूम्रपान, स्थूलता व उच्च रक्तदाब ही या कर्करोगाची सिद्ध झालेली तीन कारणे आहेत. पुरुषांतील अधिक प्रमाणाचा काही भाग धूम्रपानाने स्पष्ट होतो, सगळा नव्हे. थोड्या कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. त्यांतील फॉन हिप्पेल-लिंडाऊ या विकारात दोन्ही मूत्रपिंडांत वारंवार गाठी होतात. अशा रुग्णांचे मूत्रपिंड प्रत्येक वेळी काढत गेल्यास काहीच शिल्लक राहणार नाही. मूत्रपिंड राखून गाठ काढण्याची निकड शल्यचिकित्सकांना प्रथम भासली ती अशा रुग्णांमुळे आणि जन्मतः एकच मूत्रपिंड असलेल्यांमुळे.

लक्षणे व निदान

कुशीत दुखणे, हाताला लागणारी गाठ आणि लघवीतून रक्त ही जुन्या पाठ्यपुस्तकांतील लक्षणत्रयी आज क्वचितच एकत्र आढळते व आढळलीच तर रोग बहुधा पुढे गेलेला असतो. निम्म्याहून अधिक गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये योगायोगाने सापडतात. पुरुषांच्या बाबतीत हे दुसरे कारण पुष्कळदा पुरःस्थ ग्रंथी म्हणजेच प्रोस्टेट हे असते. रात्री चार वेळा उठावे लागते, धार बारीक झाली, म्हणून सोनोग्राफी होते आणि प्रोस्टेटबरोबर मूत्रपिंडेही पाहिली जातात.

हीच प्रोस्टेट उलट दिशेने घातही करते. साठीच्या पुरुषाला लघवीतून एकदा रक्त गेले, की ते प्रोस्टेटमुळे किंवा उष्णतेमुळे गेले असे घरातच ठरवले जाते. उन्हाळी लागल्याचे समजून सब्जाचे पाणी दिले जाते. दोन दिवसांत रक्त थांबते आणि विषय मिटतो. रक्त थांबणे हे उपचार लागू पडल्याचे चिन्ह नव्हे. गाठीतील रक्तस्राव मुळातच अधूनमधून होणारा असतो. उन्हाळीत जळजळ होते. गाठीचे रक्त मात्र बहुधा वेदनेविना जाते. म्हणून वेदना नसल्यास निर्धास्त न होता उलट तपासणीची घाई करावयास हवी. लघवीतून एकदाच गेलेल्या रक्ताचीही मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत तपासणी करण्याचा वैद्यकीय दंडक आहे.

आणखी एक चिन्ह केवळ पुरुषांत दिसते. अंडकोशातील शिरा फुगून गाठोड्यासारख्या होण्याला व्हेरिकोसील म्हणतात. तरुणांत ते नेहमीचे असते व आडवे झाल्यावर ओसरते. डाव्या वृषणाची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेस मिळते. तेथे गाठीचा भाग शिरून वाट अडली, तर वृषणाच्या शिरांत रक्त तुंबते. म्हणून उतारवयात नव्याने उद्भवलेले व आडवे झाल्यावरही न ओसरणारे व्हेरिकोसील दिसल्यास मूत्रपिंडाची तपासणी केली जाते.

निदानाचा मुख्य आधार शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन हा आहे. मूत्रपिंडाचे कार्य खालावलेले असल्यास एमआरआय करतात. सुईने तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, पूर्वी टाळली जात असे. सुईच्या मार्गाने रोग पसरेल अशी धास्ती होती. असे पसरणे अत्यंत दुर्मीळ असल्याचे आता दिसून आले आहे. तरीही बायोप्सी प्रत्येकाची करीत नाहीत. तिच्या उत्तरावर पुढचा निर्णय अवलंबून असेल, तेव्हाच ती उपयोगाची ठरते. वयोवृद्ध व हृदयविकारग्रस्त रुग्णांत अशी वेळ पुष्कळदा येते.

गाठ मूत्रपिंडापुरती मर्यादित असून ७ सेंटिमीटरपर्यंत असल्यास ती पहिल्या टप्प्यात गणली जाते. त्यातही ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींचा पोटगट वेगळा केला आहे. त्याहून मोठी पण मर्यादित गाठ दुसऱ्या टप्प्यात, शिरेत किंवा भोवतालच्या चरबीत शिरलेली तिसऱ्या टप्प्यात मोडते. ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींच्या रुग्णांत उपचारानंतर पाच वर्षांत या कर्करोगाने मृत्यू होण्याचे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी आहे.

इतिहास

माणूस एका मूत्रपिंडावर जगू शकेल काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापर्यंत अनुत्तरित होता. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील गुस्टाव्ह सायमन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून २ ऑगस्ट १८६९ रोजी एका स्त्रीचे मूत्रपिंड योजनापूर्वक काढले आणि ती वाचली. त्याच शहरात १८८७ साली व्हिन्सेंझ चेर्नी यांनी गाठीसाठी मूत्रपिंडाचा केवळ काही भाग काढला. आंशिक उच्छेदन इतके जुने असले, तरी ते मागे पडले. रक्तस्राव व लघवीची गळती आवरण्याची साधने तेव्हा नव्हती. पुढे १९६० च्या दशकात कॅनडातील चार्ल्स रॉब्सन यांनी मूत्रपिंड, त्याभोवतालची चरबी व अधिवृक्क ग्रंथी एकसंध काढण्याचा आग्रह धरला आणि संपूर्ण उच्छेदन हाच काही दशके शिरस्ता झाला. त्यासाठी अकराव्या-बाराव्या बरगडीलगत कुशीवर मोठा छेद घ्यावा लागे. असा छेद श्वास घेताना दुखतो, आणि श्वास उथळ झाला की वृद्धांना न्यूमोनियाची भीती असते.

२५ जून १९९० रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे राल्फ क्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच दुर्बिणीद्वारे मूत्रपिंड काढले. रुग्ण ८५ वर्षांची स्त्री होती व गाठ सुमारे ३ सेंटिमीटरची होती. मूत्रपिंड पोटातच पिशवीत घालून, तिथेच त्याचे तुकडे करून छिद्रातून बाहेर काढले गेले. इतक्या उतारवयातील रुग्ण मोठ्या छेदाविना बरी झाली, हे युगप्रवर्तक होते यात शंका नाही. तपासणीत ती गाठ आँकोसायटोमा, म्हणजे निरुपद्रवी निघाली. तेव्हाच्या ज्ञानानुसार निर्णय योग्यच होता. तथापि आजच्या निकषांवर पाहता तशाच रुग्णाची प्रथम बायोप्सी झाली असती किंवा गाठीवर केवळ लक्ष ठेवले गेले असते.

लॅपरोस्कोपी हा शब्द 'लपारा' या ग्रीक शब्दावरून आला असून त्याचा अर्थ बरगड्या व कंबर यांमधला मऊ भाग, म्हणजे आपली कूसच. मूत्रपिंडापुरते तरी हे नाव चपखल आहे.

१९९३ मध्ये दुर्बिणीद्वारे आंशिक उच्छेदनाचे पहिले वृत्तान्त प्रसिद्ध झाले. मात्र आतल्या आत, लांब दांड्याच्या हत्यारांनी, वेळेच्या बंधनात टाके घालणे हे अवघड कौशल्य होते. त्याचा अनपेक्षित परिणाम असा झाला, की छेद लहान हवा म्हणून लॅपरोस्कोपीकडे वळलेल्या काही रुग्णांचे, राखता आले असते असे मूत्रपिंडही पूर्ण काढले गेले. नव्या तंत्राने आंशिक उच्छेदनाचा प्रसार काही काळ रोखला, असे निरीक्षण पुढे अभ्यासकांनी नोंदवले आहे. दा विंची या यंत्रास २००० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याद्वारे केलेल्या आंशिक उच्छेदनाचे वृत्तान्त २००४ पासून येऊ लागले आणि टाके घालण्याची अडचण बरीच सुकर झाली. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत लहान गाठींसाठी मूत्रपिंड राखण्यास अग्रक्रम दिला.

शस्त्रक्रियेची पद्धत

शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन करतात. रुग्णाला निरोगी बाजूच्या कुशीवर झोपवून ५ ते १२ मिलिमीटरची तीन ते पाच छिद्रे घेतात आणि काम करण्यास जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवतात. मूत्रपिंडापर्यंत पोटातून जाता येते, तसेच पाठीमागूनही. पूर्वी पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत आतडी चिकटलेली असतात. त्यांच्यासाठी पाठीमागचा मार्ग सोयीचा पडतो.

आंशिक उच्छेदनाचा मर्मबिंदू रक्तपुरवठा थांबवण्याचा काळ हा आहे. मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने बंद केल्याशिवाय गाठीची कड स्पष्ट दिसत नाही व रक्त आवरत नाही. पण ती बंद असेपर्यंत निरोगी भागही प्राणवायूवाचून असतो. हा काळ साधारणतः २५ ते ३० मिनिटांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. तेवढ्यात गाठ निरोगी ऊतीची पातळ कड ठेवून कापायची, उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या व मूत्रमार्गाची पोकळी आतल्या टाक्यांनी शिवायची आणि मग बाहेरचा काठ जवळ आणायचा असतो. गाठ पूर्णपणे आत दडलेली असल्यास सोनोग्राफीचे लहान उपकरण थेट मूत्रपिंडावर टेकवून तिची सीमा आखून घेतात. मूत्रपिंडाचे रक्षण व्हावे म्हणून या वेळी मॅनिटॉल हे औषध देण्याची प्रथा कित्येक वर्षे होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. काढलेली गाठ पिशवीत घालून एक छिद्र थोडे वाढवून बाहेर काढतात.

रोबोट या शब्दाने यंत्र आपणहून शस्त्रक्रिया करते असा समज होतो. तसे ते करीत नाही. शल्यचिकित्सक काही अंतरावर बसून त्रिमिती चित्र पाहत हत्यारे चालवतो. त्यांची टोके मनगटासारखी वळतात व हाताचा कंप गाळला जातो. टाके घालताना याचा स्पष्ट फायदा होतो. संपूर्ण उच्छेदनात टाक्यांचे काम फारसे नसल्याने तेथे साध्या दुर्बिणीच्या तुलनेत रोबोटचा वाढीव खर्च समर्थनीय ठरतोच असे नाही. भारतात मूत्रशल्यविभागातील रोबोटिक शस्त्रक्रियांचा प्रारंभ दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २००६ मध्ये झाला. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयातही कर्करोगासाठी अशा शस्त्रक्रिया होतात. महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या व मूत्रमार्गाच्या अनेक शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत. विशिष्ट प्रकार बसतो की नाही, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधी समजून घेता येते.

किती काढावे

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील ६६२ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सर्वांची गाठ ४ सेंटिमीटरपर्यंतची, दोन्ही मूत्रपिंडे शाबूत व क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेत होते. तरीही त्यांच्यातील २६ टक्के रुग्णांची गाळणशक्ती शस्त्रक्रियेपूर्वीच ६० च्या खाली असल्याचे आढळले. उरलेल्यांपैकी, गाळणशक्ती तीन वर्षांनंतरही ६० च्या वर टिकून राहण्याची शक्यता आंशिक उच्छेदनानंतर ८० टक्के व संपूर्ण उच्छेदनानंतर ३५ टक्के होती.

यावरून आंशिक उच्छेदन सर्वांनाच दीर्घायुष्य देते असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. युरोपातील कर्करोग संशोधन संघटनेने ५ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींच्या ५४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून चाचणी घेतली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार दहा वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण संपूर्ण उच्छेदनाच्या गटात ८१.१ टक्के व आंशिक उच्छेदनाच्या गटात ७५.७ टक्के होते. मूत्रपिंडाचे कार्य आंशिक गटातच चांगले टिकले होते. पण त्याचे रूपांतर अधिक आयुष्यात झाल्याचे दिसले नाही. झालेल्या मृत्यूंपैकी मोजकेच मूत्रपिंडाच्या कर्करोगाने झाले होते. चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने अपुरी थांबवावी लागली, यावर टीकाकार बोट ठेवतात. तरीही या विषयातील ही एकमेव मोठी यादृच्छिक चाचणी असल्याने तिला वगळून चालत नाही.

व्यवहारात दोन्ही बाजू तोलल्या जातात. आंशिक उच्छेदनात रक्तस्राव व लघवी गळण्याचा धोका अधिक असतो. मधुमेह, रक्तदाब, लघवीतून प्रथिने जाणे किंवा आधीच उतरलेली गाळणशक्ती असल्यास मूत्रपिंड राखण्याचा लाभ मोठा असतो. मोठी, खोलवर रुतलेली गाठ, निरोगी दुसरे मूत्रपिंड व दुबळे हृदय असा योग असेल, तर संपूर्ण उच्छेदन अधिक सुरक्षित ठरू शकते. गाठीचा आकार, खोली व जागा यांना गुण देऊन शस्त्रक्रियेची काठिण्यपातळी ठरवण्याच्या पद्धती २००९ पासून रूढ आहेत. त्या उपयुक्त असल्या, तरी शस्त्रक्रिया करणाऱ्याचा अनुभव त्यांत मोजला जात नाही. 'दुर्बिणीने होईल का' या प्रश्नाच्या जोडीला 'मूत्रपिंड राखता येईल का, आणि नसल्यास का' हा प्रश्न रुग्णाने अवश्य विचारावा. एखाद्या ठिकाणी दुर्बिणीद्वारे आंशिक उच्छेदनाचा अनुभव नसेल, तर मोठा छेद घेऊन मूत्रपिंड राखणे हाही मान्य पर्याय आहे.

शस्त्रक्रियेवाचून पर्याय

लहान गाठी सरासरी वर्षाला सुमारे ३ मिलिमीटर वाढतात. काही तर वर्षानुवर्षे आहे तेवढ्याच राहतात. लक्ष ठेवण्याच्या काळात रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास आढळले आहे. त्यामुळे ऐंशीच्या घरातील किंवा गंभीर हृदयविकार असलेल्या पुरुषाच्या लहान गाठीवर ठरावीक अंतराने सोनोग्राफी वा स्कॅन करून नजर ठेवणे हा मान्यताप्राप्त उपचार आहे. गाठ वर्षात ५ मिलिमीटरहून अधिक वाढली किंवा ४ सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर निर्णयाचा फेरविचार होतो. 'डॉक्टरांनी हात टेकले' असा याचा अर्थ कुटुंबीय लावतात व कधीकधी दुसऱ्या रुग्णालयात जाऊन घाईने शस्त्रक्रिया करवून घेतात, हे दुर्दैव होय. साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी सुईद्वारे गोठवून किंवा उष्णतेने जाळून नष्ट करता येतात. गाठ पुन्हा डोके वर काढण्याचे प्रमाण यात काहीसे अधिक असते.

वृद्ध पुरुषांतील विशेष काळजी

पोट फुगवल्याने श्वासपटल वर ढकलले जाते व वायू रक्तात शोषला जातो. वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढलेल्या फुप्फुसांना हा जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे जड जाते. म्हणून भूलतज्ज्ञ आधी फुप्फुसांची व हृदयाची क्षमता तपासतात. बाहेरचा व्रण लहान असला, तरी आतली शस्त्रक्रिया मोठीच असते, ही गोष्ट कुटुंबीयांच्या ध्यानात सहसा येत नाही. हृदयात स्टेंट बसवलेले पुरुष रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतात. त्या कोणत्या व किती दिवस आधी थांबवायच्या, हे हृदयरोगतज्ज्ञाने ठरवायचे असते. स्वतःहून बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि न सांगता चालू ठेवल्यास शस्त्रक्रियेत रक्त आवरत नाही.

प्रोस्टेट वाढलेल्या रुग्णाची लघवीची नळी काढल्यावर लघवी अडण्याचा प्रकार अनेकदा घडतो. याचा गाठीशी संबंध नसतो. प्रोस्टेटची गोळी शस्त्रक्रियेच्या काळातही चालू ठेवल्यास बहुतेकांची अडचण टळते. काहींना नळी पुन्हा काही दिवस ठेवावी लागते. भूल, वेदना व अनोळखी जागा यांमुळे काही वृद्ध एक-दोन रात्री भ्रमिष्टासारखे वागतात. चष्मा व श्रवणयंत्र लगेच परत देणे, घरचे माणूस जवळ असणे आणि लवकर चालवणे यांचा अशा वेळी औषधाइतकाच उपयोग होतो.

गुंतागुंत व नंतरचे आयुष्य

बहुतेक रुग्ण दोन ते चार दिवसांत घरी जातात व महिन्याभरात नेहमीच्या कामांना लागतात. जड वजन मात्र साधारण सहा आठवडे उचलू नये असे सांगतात. शस्त्रक्रिया चालू असताना रक्त न आवरल्यास मोठा छेद घ्यावा लागतो. हा निर्णय रुग्णाच्या हिताचाच असतो आणि तशी संमती आधीच घेतलेली असते.

आंशिक उच्छेदनानंतरची एक गुंतागुंत उशिरा प्रकट होते. शिवलेल्या भागातील धमनीला फुगा येऊन तो बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत, म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर, फुटतो. अशा वेळी लघवीतून लालभडक रक्त व गुठळ्या जातात किंवा चक्कर येते. थंड पाणी पाजून वाट पाहण्याची ही वेळ नव्हे. त्याच दिवशी रुग्णालय गाठल्यास मांडीतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी नेऊन ती रक्तवाहिनी आतून बंद करता येते व बहुतेकांचे मूत्रपिंड वाचते.

पुढील काही वर्षे ठरावीक अंतराने स्कॅन, क्रिएटिनिन, रक्तदाब व लघवीतील प्रथिने यांची तपासणी चालू राहते. गाठीची चिंता मिटल्यावर उरलेल्या मूत्रपिंडाला सर्वांत मोठा धोका पुष्कळदा गुडघ्यांकडून येतो: डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानातून सहज मिळतात आणि संधिवाताने त्रासलेले वृद्ध त्या महिनोन्‌महिने घेतात. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. कोणत्याही नव्या डॉक्टरकडे गेल्यावर, दंतवैद्याकडेसुद्धा, आपले एक मूत्रपिंड किंवा त्याचा काही भाग काढलेला आहे हे सांगितल्यास पॅरासिटामॉलसारखा तुलनेने सुरक्षित पर्याय देता येतो. रंगद्रव्य देऊन स्कॅन करण्यापूर्वीही ही माहिती आवश्यक असते. सर्व जुने अहवाल, विशेषतः गाठीचा प्रकार नोंदवणारा प्रयोगशाळेचा अहवाल, सांभाळून ठेवावा लागतो. कारण पुढील तपासण्या किती वर्षे व किती अंतराने करायच्या, हे त्यावरूनच ठरते.